हळदीकुंकू, शेजार आणि निवडणूक : एका प्रतिक्रियेला उत्तर

'स्पष्टवक्ता' या नावाने लिहिणाऱ्या वाचकास,

महापालिकेची निवडणूक शेजाराच्या नात्यावर लढवता येते आणि तशीच लढवायला हवी, एवढंच माझ्या मागच्या लेखाचं म्हणणं होतं. त्यावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. तिची सुरुवात अशी : "काकूंनी हळदीकुंकू करावं, निवडणुकीच्या भानगडीत पडू नये. तुमचा शेजार सोसायटीच्या गेटापाशी संपतो."

मतभेदाला माझी हरकत नाही. पण अनोळखी बाईला 'काकू' म्हणून सुरुवात करायची, म्हणजे पुढचं काहीही बोलायला मोकळे, ही रीत मला पटत नाही. हेच एखाद्या निवृत्त गृहस्थाने लिहिलं असतं, तर 'आजोबांनी भजनाला बसावं' असं तुम्ही लिहिलं असतं का? 2011 पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या जागांवर बसणाऱ्या बायका कुठून येतात असं तुम्हाला वाटतं? पाण्याच्या टँकरसाठी, रेशनच्या दुकानासमोर, अंगणवाडीच्या दारात ज्या भांडतात, त्यांच्यातूनच येतात. किंवा यायला हव्यात. नुसतं आडनाव पुढे करून उभ्या केलेल्या उमेदवारांबद्दल तुमची तक्रार असेल तर ती माझीही आहे.

आणि हळदीकुंकवाला एवढं हिणवायचं कारण नाही. आमच्याकडे संक्रांतीला विधवा बायकांनाही बोलावतात, मी सून म्हणून आले त्या वर्षापासून. त्या वेळी त्यावरून घरात काय काय ऐकून घ्यावं लागलं ते मला माहीत आहे. कोणाला उंबऱ्याच्या आत घ्यायचं हे ठरवणं म्हणजे राजकारण नाही, असं ज्याला वाटतं त्याने मला राजकारण शिकवू नये.

आता गेटाबद्दल. मी पुण्याच्या सहकारनगरात, आंबिल ओढ्यापासून चालत पाच मिनिटांवर राहते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर भागात भिंत कोसळून माणसं दगावली, गाड्या एकमेकींवर चढल्या. त्या रात्री ओढ्याकाठच्या वस्तीतली कुटुंबं आमच्या जिन्यात बसली होती, आणि तळमजल्यावरच्या एका आजींना पाठीवर घेऊन वर आणणारा मुलगा त्याच वस्तीतला. पाणी ओसरल्यावर सोसायटीच्या सभेत कुंपणाची भिंत उंच करायचा ठराव आला. भिंतीवरचा पैसा ओढ्यातला राडारोडा काढून घेण्याच्या पाठपुराव्याला लावा, असं मी म्हटलं आणि विरोधात हात वर केला. ठराव मंजूर झाला. काही घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं, अजूनही पूर्ववत झालेलं नाही. माझा शेजार गेटापाशी संपत असता तर हे मी कशाला ओढवून घेतलं असतं?

त्याआधी 2017 ला मी अपक्ष उभी होते आणि पडले, हे तुम्ही शोधून काढून लिहिलंच आहे. शोधायची गरज नव्हती, मी ते कधी लपवलेलं नाही. पण केंद्रनिहाय मतांचे आकडे तुम्ही पाहिले नाहीत. ओढ्यापलीकडच्या शाळेतल्या केंद्रांवर मला आमच्या सोसायटीच्या केंद्रापेक्षा जास्त मतं मिळाली. पुण्यात 2006 पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात. तो अर्ज वर्षानुवर्षं बाकाबिकांसाठी भरला जातो. मी वस्तीतल्या बोळात दिवे लावा म्हणून भरला, कारण तिथल्या मुली संध्याकाळच्या शिकवणीला जाताना घाबरायच्या. त्या मुलींच्या आयांनी मतं दिली, 'तुम्ही आमच्याकडे निवडणुकीच्या आधीपासून येता' असं सांगून दिली. माझ्या प्रचाराचं पत्रक त्यांनी वाचलंही नसेल.

एक गोष्ट मान्य करते. चार सदस्यांच्या प्रभागात हे अवघड आहे. 2017 ला पुण्यात 162 जागा आणि 41 प्रभाग होते, दोन सोडले तर सगळे चारसदस्यीय. 31 लाखांचं शहर 41 ठिकाणी वाटलं तर एकेका प्रभागात पाऊण लाख माणसं येतात. एवढ्यांच्या दारात एकटी बाई पोचत नाही. शिवाय मतदाराला चार बटणं दाबायची असतात आणि पक्षाचे कार्यकर्ते 'चारही एकाच चिन्हावर' हे घोकून घेतात. पण हा दोष प्रभागरचनेचा आहे, तो शेजाराच्या माथी का मारता? मुंबईत प्रभाग एकसदस्यीय आहेत. तिथे 2007 मध्ये जुहू भागातून अडॉल्फ डिसूझा नागरिकांचे उमेदवार म्हणून, पक्षाच्या चिन्हाशिवाय, निवडून आले. 'अशाने कोणी निवडून येत नाही' हे तुमचं वाक्य तिथेच खोटं पडतं.

अपक्ष नगरसेवकाला महापालिकेच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत कोण विचारतो, 16 जणांची ती समिती पक्षांच्या संख्याबळावर ठरते, मग शेजारधर्म घेऊन सभागृहात काय करणार, वगैरे तुमचे बाकीचे मुद्दे आहेत. ते पुष्कळांनी पुष्कळदा मांडलेत, त्यावर इथे लांबण लावत नाही. एवढंच सांगते, की खेड्यातल्या मतदाराला ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला जाब विचारता येतो. शहरातल्या मतदाराला प्रत्यक्षात तशी जागाच नाही. प्रभाग समितीत स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नेमता येतात, आणि क्षेत्रसभा, म्हणजे त्या-त्या भागातल्या मतदारांची सभा, कायद्यात असूनही आमच्या भागात एकदाही भरलेली मी पाहिलेली नाही. ती दर तिमाहीला भरवीन, वस्तीतही आणि सोसायटीतही, एवढं एकच आश्वासन माझ्या पत्रकात होतं. 'भाबडेपणा' हा शब्द तुम्ही तीनदा वापरलात, या आश्वासनाबद्दल मात्र एक अक्षर नाही.

तुम्ही याच प्रभागात राहता असं लिहिलंय. मग पुराच्या रात्री तुम्हीही इथेच असाल. पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने लिहा, मी मुद्द्याला मुद्दा देईन. पुन्हा 'काकू'पासून सुरुवात केलीत तर ती इथे छापली जाणार नाही.