स्टेटसवरचे बनियन

आमच्या घरी अन्न आधी मोबाइलला दाखवले जाते आणि मग माणसांना वाढले जाते. या क्रमात देवालाही सवलत नाही, हे मला यंदाच्या गणेश चतुर्थीला कळले. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत २१ उकडीचे मोदक केळीच्या पानावर उतरले, त्यांवर तुपाची धार पडली आणि मी हात जोडणार एवढ्यात सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, जरा सरका, सावली पडतेय." मी सरकलो. माझा सदरा अजून इस्त्रीवाल्याकडून यायचा असल्याने मी बनियनवर होतो, आणि मी जिथे सरकलो तिथे माझ्यामागे नव्हे, तर बरोबर समोर कपाटाचा आरसा होता, याकडे दोघांचेही लक्ष गेले नाही.

व्हॉट्सॲपचे स्टेटस २४ तासांनी आपोआप नाहीसे होते, ही त्यांची कृपाच म्हणायची. परंतु मुंबईत एका बनियनची अब्रू जायला एवढा वेळ लागत नाही. पहिला फोन गिरगावच्या आत्याचा आला. तिने निळ्या टिका बंद ठेवल्या असल्यामुळे पाहणाऱ्यांच्या यादीत तिचे नाव कधीच दिसत नाही आणि तिच्या नजरेतून काही सुटतही नाही. "अरे, मोदकांच्या कळ्या सुरेख पडल्यात हो," असे म्हणून तिने आवाज खाली आणला, "पण तुझी नोकरी आहे ना अजून?" काखेतली तीन भोके तिने मोजली होती. मला स्वतःला दोनच ठाऊक होती.

दर्शनाला आलेल्या पाहुण्यांना सांगण्यासारखे तर आमच्याकडे काही उरलेलेच नव्हते. मखर कसे केले, खोबरे कुठून आणले, पहिला घाणा कसा फुटला, हे सारे त्यांनी सकाळीच पाहिले होते. त्यामुळे ते सोफ्यावर बसून मोदकाऐवजी आदराने माझ्या सदऱ्याकडे पाहत राहिले.

ही तक्रार मी सौभाग्यवतींकडे नेली, तेव्हा त्या यादी मोजत होत्या. "१८७ जणांनी पाहिलं!" त्या म्हणाल्या. आजवरचा उच्चांक तळलेल्या सुरमईचा होता, १४२. तो माझ्या बनियनने मोडला, याचे श्रेय मात्र त्यांनी मोदकांना दिले.

सुट्टी संपवून मी ८.४२ची लोकल पकडली. डब्यातल्या आमच्या ग्रुपमधल्या एकाची बायको हिच्या भिशीत आहे, हे मी विसरलो होतो. ठाणे आणि मुलुंडपासून उभ्याने येणाऱ्या त्या सद्गृहस्थांनी घाटकोपर येण्याआधीच, गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत घेतलेला तीन बनियनांचा खोका टाळ्यांच्या गजरात माझ्या हाती दिला. मी तो संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या खणात लपवला, घरी आल्यावर गुपचूप उघडला आणि एक बनियन डोक्यातून घालणार, तोच मागून आवाज आला, "अहो, थांबा, घडी मोडू नका!"