'मी बेदाणा बोलतोय' आता पुरे

पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी मराठीत निघणारी सचित्र माहितीपुस्तकं उघडा. त्यातल्या बऱ्याच पुस्तकांत कुणीतरी बोलत असतं. थेंब बोलतो, बी बोलतं, पोस्टाची पेटीसुद्धा बोलते. निबंधाच्या वहीतलं आत्मवृत्त रंगीत चित्रं लावून पुस्तकात आलेलं असतं. या वयाला गोष्ट हवीच, पण प्रत्येक माहितीला डोळे-भुवया चिकटवायची गरज नाही. सात वर्षांच्या मुलाला खरी वस्तू पुरेशी नवलाची वाटते.

नुकसान आधी चित्राचं होतं. द्राक्षावर हसरं तोंड बसवलं की देठ, सालीवरची पांढरट झाक हे सगळं पुसलं जातं. मग वाक्यांचं. 'मला उन्हात मस्त गुदगुल्या झाल्या' असं लिहिलं की द्राक्षाचं पाणी गेलं कुठे, हा प्रश्नच उरत नाही. शिवाय ऊनही चुकीचं, कारण आपल्याकडचा हिरवा बेदाणा सावलीत वाळतो.

तासगावचा बेदाणा हा विषय दुसरीच्या मुलासाठी घेऊ. पुस्तकाला एकच प्रश्न: ओल्या द्राक्षाचा कोरडा बेदाणा होतो कसा? द्राक्षाचा इतिहास, जीवनसत्त्वं, निर्यात हे काही नको. पिनिंगच्या, म्हणजे मधल्या घडीत पिना मारलेल्या पुस्तकाची पानं 4 च्या पटीत लागतात, म्हणून आतली 24 पानं धरा. पान 1 वर नाव, पान 24 मोठ्यांसाठी, मधे 11 जोडपानं, म्हणजे समोरासमोरची दोन-दोन पानं. मजकुराआधी हे 11 चौकोन एका कागदावर पेन्सिलीने काढा आणि प्रत्येकात काय दिसणार ते लिहा. एखाद्या चौकोनात दाखवण्यासारखं काही सुचलं नाही, तर ते वाक्य पुस्तकात नको.

चित्रकाराने बेदाणा वाळवायच्या शेडवर जाऊन यायलाच हवं. न जाता काढलेल्या चित्रात गच्चीवर चटई, वर पिवळा सूर्य, बाजूला आजी असं काहीतरी येतं. प्रत्यक्षात लांब शेड असते, वर छप्पर, आत एकावर एक जाळ्यांचे थर, बाजूंनी हवा खेळती. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात काही मिनिटं बुडवून जाळीवर पसरतात. बुडवायचं का, हे या पुस्तकातलं सर्वांत मोलाचं जोडपान. सालीवर मेणासारखा पातळ थर असतो, तो आतलं पाणी अडवून धरतो. या द्रावणाने तो थर पाण्याला वाट देतो आणि द्राक्ष लवकर सुकतं. इथे द्राक्षाचा मोठा आडवा छेद काढा: साल, गर, आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचे बाण. असं आतलं दाखवायचं काम फोटोला जमत नाही. शेड कशी दिसते यासाठी मात्र फोटोच बरा.

'बाष्पीभवन' हा शब्द दुसरीला नको. 'पाणी वाफ होऊन उडालं' असं लिहिलं तर मुलाच्या डोळ्यांपुढे उकळता चहा येतो. 'दोरीवरचे ओले कपडे वाळतात, तसं' एवढं पुरे. त्याच पानावर करून पाहायला द्या: दोन द्राक्षं, एकाची साल कापलेली, दुसरं अख्खं, दोन्ही ताटलीत सावलीला. कापलेलं आधी सुरकुततं. बुरशी धरली तर फेकून द्या, हेही छापा.

आता मापाचं. साधारण 4 किलो द्राक्षांचा 1 किलो बेदाणा होतो. हे दाखवायला तराजू काढला आणि एका पारड्यात 4 किलो द्राक्षं, दुसऱ्यात 1 किलो बेदाणा ठेवून दोन्ही पारडी समान दाखवली, की सगळं मुसळ केरात. एक-एक किलोच्या 4 पिशव्या, बाण, आणि एक पिशवी. बस्स.

शब्दांची गंमत अशी की विषयाच्या नावातच अडचण आहे. 'द्राक्ष' या दोन अक्षरी शब्दात दोन्ही अक्षरं अवघड. काहीजण तो टाळून 'फळ' लिहितात. टाळू नका. पहिल्या जोडपानावर चित्राला लागून मोठा छापा आणि पुढे पुन्हा पुन्हा येऊ द्या. चौथ्यांदा मूल तो अडखळत का होईना, वाचतं. बाकीचे नवे शब्द मात्र 5-6 च्या वर नकोत. पहिलीला पानामागे 1-2 वाक्यं, दुसरीला 3-4, तिसरीला 5-6 आणि जोडीला एक चौकट. खातरजमेसाठी मराठी विश्वकोश चांगला, पण तिथली भाषा उचलू नका. 'बहुवर्षायू ओषधी' (अनेक वर्षं जगणारी, मऊ खोडाची वनस्पती) वाचून शिक्षकसुद्धा 'औषधी' म्हणतात, मुलांचं काय!

हळदीची चित्रं तर हटकून चुकतात. गाजरासारखं एक पिवळं मूळ काढून मोकळे होतात. हळद हे जमिनीतलं खोड आहे: मधे जाड गड्डा, त्याला फुटलेली हळकुंडं, त्यांच्यावर पेरांच्या कड्या, आणि बारीक मुळं वेगळीच. नावाच्या रेषा नेमक्या त्या भागाला टेकल्या पाहिजेत. हवेत संपलेली रेष मुलाला काहीच सांगत नाही. हल्ली एआयकडून चित्रं काढून घेतात. घ्या, पण कोळ्याचे 8 पाय मोजा, मुंगीचे 6 मोजा, आणि मुंगीचे सगळे पाय मधल्या भागालाच फुटलेत ना, तेही बघा.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा विषय तर आयता पडलाय. पावसाळ्यात घराघरात 'आयर्विनला पाणी 40 फुटांवर' असं बोलतात. 40 ला इशारा, 45 ला धोका. पण 40 फूट म्हणजे किती, हे लहान मुलाला कुणी दाखवत नाही. त्याला वाटतं पाणी रस्त्यावर 40 फूट चढलंय. हे पुस्तक उभं छापा. एका बाजूला पुलाचा खांब आणि आकडे, दुसऱ्या बाजूला मजला 10 फूट धरून साडेचार मजले. भीतीची चित्रं टाळा. आकडा कुठून मोजतात, तेवढंच दाखवा.

छपाईत चुका ठरलेल्या आहेत. मजकूर पहिलीला 22 पॉइंट, तिसरीला 18, ओळींत भरपूर अंतर; नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. चित्रावर मजकूर छापू नका. ल आणि श मराठी वळणाचे हवेत. शासन निर्णयाने ती वळणं ठरवून दिली आहेत आणि मुलं तीच गिरवतात. काही फाँटमध्ये भाषा 'मराठी' निवडली की ती आपोआप येतात, तरी प्रुफात डोळ्यांनी बघा. जोडपानाच्या मधल्या घडीत पक्ष्याची चोच किंवा आकडा येऊ देऊ नका. कडेला कापणीसाठी 3 मिलिमीटर जादा चित्र सोडा. अक्षरं फक्त काळ्या शाईत. चार रंग मिसळून केलेला काळा जरा सरकला की बारीक मात्रा धूसर होतात.

छापायच्या आधी साध्या प्रिंटवर मजकूर झाकून चार-पाच मुलांना नुसती चित्रं दाखवा आणि काय चाललंय ते विचारा. मग मजकूर उघडून मोठ्याने वाचायला लावा. बोट जिथे थांबतं तिथे पेन्सिलीने खूण करा. एकाच जागी तिघं थांबले, तर वाक्य बदला. आणि एक प्रिंट शेडवर काम करणाऱ्या बाईंना दाखवा. जाळीवर द्राक्षं किती दाट पसरली आहेत, ते त्या आधी बघतील.