स्कॉट केलीचा ‘७ टक्के डीएनए’ बदललेला नाही

मार्च २०१८ मध्ये जगभर छापून आलेली एक बातमी अजून व्हॉट्सॲपवर फिरते. अमेरिकन अंतराळवीर स्कॉट केली वर्षभर अंतराळात राहिला, परत आला तेव्हा त्याचा ७ टक्के डीएनए बदललेला होता आणि आता तो जुळ्या भावाशी, मार्कशी, एकसारखा उरलेला नाही, असा तिचा आशय. पुढे एक शेपूटही जोडलेलं असतं: ‘परिस्थिती बदलली की डीएनए बदलतो, हे विज्ञानानं सिद्ध केलं.’

प्रयोग खरा आहे. स्कॉट मार्च २०१५ ते मार्च २०१६ असे ३४० दिवस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात होता आणि मार्क जमिनीवर. दहा संशोधनगटांनी दोघांचे नमुने उड्डाणाआधी, दरम्यान आणि नंतर तपासले. सविस्तर निबंध एप्रिल २०१९ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आला. ७ हा आकडाही याच प्रयोगाचा, नासाच्या जानेवारी २०१८ च्या निवेदनातला. चूक आहे ती हे ७ टक्के कशाचे, यात.

‘७ टक्के डीएनए बदलला.’ माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३१० कोटी अक्षरजोड्या आहेत. त्यांचे ७ टक्के म्हणजे जवळजवळ २२ कोटी. प्रथिनांचा मजकूर असलेला भाग सगळा मिळून दीड टक्क्याच्या आसपास भरतो. एकेक अक्षर ताडून पाहिलं तर दोन अनोळखी माणसांत साधारण ०.१ टक्का फरक निघतो, माणूस आणि चिंपांझी यांच्यात सुमारे १.२ टक्के. अंगातल्या पेशीपेशीत २२ कोटी अक्षरं बदललेला माणूस जिवंत परतणं शक्यच नाही.

मोजली होती ती जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे कोणत्या जनुकावरून किती आरएनए (जनुकाच्या मजकुराची पेशीने वापरायला काढलेली नक्कल) तयार होतोय ते. इन्सुलिनचं जनुक यकृताच्या पेशीतही असतं, पण तिथे बंद असतं. स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत ते जोरात चालू असतं. दोन्हीकडे डीएनए तोच. स्कॉटच्या ज्या जनुकांची अभिव्यक्ती उड्डाणात बदलली, त्यांतल्या ९३ टक्क्यांची पातळी परतल्यावर पूर्ववत झाली आणि ७ टक्क्यांची सहा महिन्यांनीही झाली नव्हती. म्हणजे हे ७ टक्के आधीच निवडलेल्या गटातले आहेत, सगळ्या जनुकांचेसुद्धा नाहीत. अंतिम निबंधात पूर्ववत झालेल्यांचं प्रमाण ९१.३ टक्के आहे. दोष फक्त पत्रकारांचा नाही. नासाच्या निवेदनातच ‘९३ टक्के जनुकं पूर्ववत झाली’ अशा अर्थाचं ढिलं वाक्य होतं, ‘अभिव्यक्ती’ हा शब्द तिथेच गळला. १५ मार्च २०१८ ला नासाने खुलासा केला: डीएनए मूलतः बदललेला नाही, दोघे एकसारखे जुळेच आहेत आणि दिसलेला बदल गिर्यारोहण किंवा स्कूबा डायव्हिंगसारख्या ताणात माणसात होतो तेवढाच असावा.

ही मोजणी किती नाजूक असते हे कळलं, तर असे टक्के वाचताना हात आपोआप आखडतो. रक्त नळीत घेतलं तरी पेशी जिवंतच असतात. थंडी, हालचाल, ऑक्सिजनची कमतरता यांना त्या तिथेही प्रतिसाद देत राहतात. म्हणून आरएनए जागच्या जागी स्थिर करणारं रसायन भरलेल्या नळ्या वापरतात. पॅक्सजीन नावाच्या अशा नळीत २.५ मिली रक्त घ्यायचं, नळी लगेच ८ ते १० वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करायची, खोलीच्या तापमानाला किमान दोन तास ठेवायची, मग गोठवायची. उलटीसुलटी करायची राहिली तर रसायन नीट मिसळत नाही आणि आरएनए तुटतो. काढलेल्या आरएनएचा दर्जा १ ते १० अंकांवर तपासतात. ७ च्या खालचे नमुने बहुतेक प्रयोगशाळा बाजूला काढतात. उरलेला डीएनए डीएनेझ विकराने नष्ट करावा लागतो, नाहीतर तोही आरएनए म्हणून मोजला जाण्याचा धोका असतो. एकूण आरएनएत ८० टक्क्यांहून जास्त रायबोसोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा असतो, तो वगळावा लागतो. अख्ख्या रक्तात हिमोग्लोबिनचा आरएनएही बाकीच्यांना झाकून टाकतो. मग प्रत्येक नमुन्याचे साधारण २ ते ३ कोटी तुकडे वाचायचे आणि कुठल्या जनुकाचे किती, ते मोजायचं.

इथवर सगळं नीट झालं तरी दोन सापळे उरतात. पहिला पेशींच्या मिश्रणाचा. ताणामुळे रक्तात न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढले, तर एकाही पेशीतलं एकही जनुक बदललेलं नसताना न्यूट्रोफिलची जनुकं ‘वाढलेली’ दिसतात. म्हणूनच जुळ्यांच्या अभ्यासात टी आणि बी या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून तपासल्या. दुसरा सापळा आकडेमोडीचा. २० हजार जनुकं एकेक करून ५ टक्के चुकीची मुभा ठेवून तपासली, तर खरा बदल शून्य असला तरी सुमारे १,००० जनुकं बदललेली ‘सापडतात’. त्यासाठी दुरुस्ती करतातच, पण इथे एका बाजूला एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला एक. कुठला बदल अंतराळाचा आणि कुठला स्कॉटचा स्वतःचा, हे एवढ्यावरून ठामपणे सांगता येत नाही. संशोधकांनीही ही मर्यादा मान्य केली आहे.

‘आता ते एकसारखे जुळे राहिले नाहीत.’ एकाच बीजांडातून झालेले जुळे अक्षरन् अक्षर सारखे कधीच नसतात. आइसलँडच्या डीकोड संस्थेने २०२१ मध्ये दाखवलं, की अशा जुळ्यांत गर्भावस्थेच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातली सरासरी ५.२ उत्परिवर्तनं वेगळी असतात. आणि डीएनएवरच्या मेथिलेशनच्या, म्हणजे मजकूर न बदलता जनुकांच्या अभिव्यक्तीवर परिणाम करणाऱ्या रासायनिक खुणा पाहिल्या तर स्कॉटमधले बदल साधारण जमिनीवर बसलेल्या मार्कइतकेच होते.

‘बदल कायमचा आहे.’ सहा महिन्यांत न परतलेला बदल कायमचाच, असं नसतं. टेलोमिअरचं पाहा. स्कॉटच्या गुणसूत्रांची ही टोकं उड्डाणात सरासरीने लांब झाली आणि उतरल्यावर दोन दिवसांच्या आत झपाट्याने आखूड झाली. मात्र एक गोष्ट दडवू नये: अंतराळातल्या प्रारणामुळे (रेडिएशन) डीएनएला खरी इजाही झाली. रक्तपेशींच्या गुणसूत्रांत उलटे बसलेले तुकडे वाढलेले दिसले. पण अशी इजा एकेका पेशीत वेगवेगळ्या जागी होते, ती गुणसूत्रं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात आणि त्या ७ टक्क्यांशी तिचा संबंध नाही.

आता ते शेपूट. पुण्याहून कोणी ३,५०० मीटरवरच्या लेहला उतरला, तर काही तासांत त्याच्या मूत्रपिंडात एरिथ्रोपोएटिनच्या (तांबड्या पेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या) जनुकाची अभिव्यक्ती वाढते. खाली आल्यावर ती उतरते. जनुकाचा मजकूर जाताना होता तोच येताना असतो. ‘डीएनए बदलणारा’ आहार किंवा शिबिर विकणारे याच दोन गोष्टींची गल्लत करतात.

हीच गल्लत रुग्णाच्या फायलीतही होते आणि तिथे ती महागात पडते. स्तनाच्या कर्करोगात बीआरसीए चाचणी (या कर्करोगाचा आनुवंशिक धोका वाढवणाऱ्या बदलांसाठी बीआरसीए जनुकांची तपासणी) रक्तातला किंवा लाळेतला जन्मजात डीएनए वाचते. निकाल आयुष्यभर तोच राहतो आणि बहीण-मुलीलाही लागू होऊ शकतो. ऑन्कोटाइप डीएक्स ही दुसरी चाचणी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीतल्या २१ जनुकांची अभिव्यक्ती मोजते, १६ कर्करोगाशी संबंधित आणि ५ तुलनेसाठी, आणि ० ते १०० मध्ये गुण देते. २०१८ मध्ये निकाल आलेल्या टेलरएक्स या रुग्णांवरच्या अभ्यासानुसार संप्रेरक-संवेदनशील, हर-२ हे प्रथिन वाढलेलं नसलेल्या आणि काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत न पोचलेल्या कर्करोगात ११ ते २५ गुण असतील, तर पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांना संप्रेरक-उपचारांवर केमोथेरपी जोडून फायदा दिसला नाही. पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांत १६ ते २५ गुणांवर थोडा दिसला. हे गुण त्या एका गाठीचे असतात. आईचे गुण कमी आले म्हणून मुलीची बीआरसीए चाचणी टाळू नये, आणि बीआरसीए निर्दोष आला म्हणून केमोथेरपी नको असंही परस्पर ठरवू नये. अहवाल हातात आला की आधी नमुना कशाचा आहे ते पाहावं: रक्ताचा किंवा लाळेचा, की गाठीचा. मग वाचलंय काय ते पाहावं: डीएनए की आरएनए. दोन्ही गोष्टी बहुधा पहिल्याच पानावर छापलेल्या असतात.