थांबा, गंमत दाखवतो

आज कर्वेनगरला बारशाला गेले होते. घुगऱ्या वाटून झाल्या, मंडळी पान खात बसली होती, तेवढ्यात आमच्या एका भाऊजींचा फोन वाजला. १४० ने सुरू होणारा, म्हणजे जाहिरातीच्या कॉलचा नंबर बघून त्यांची कळी खुलली. "थांबा, गंमत दाखवतो," म्हणाले आणि स्पीकर लावला.

मुलगी क्रेडिट कार्डाचं सांगत होती. भाऊजींनी विचारलं, आमच्या कुत्र्याच्या नावावर निघेल का? मग, तुमचं लग्न झालंय का? मग, तुम्हाला काही कामधंदा नाही का? शेवटी ती म्हणाली, "थँक यू सर, आपला दिवस शुभ असो." सगळे खो खो हसले.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, मी घरून पार्ट टाइम टेलिकॉलिंग करते. अकरा ते तीन. बेडरूमचं दार लावून, पंखा बंद करून, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. कुकरची शिट्टी झाली तर टीएल, म्हणजे टीम लीडर विचारतो, मॅडम, मागे काय चाललंय? गुरुवारी महावितरणने लाइट घालवली की वाय-फाय जातं आणि लॉगिनचे तास कापले जातात. कामधंदा नाही म्हणे!

आणि ज्या "दिवस शुभ असो"ला तुम्ही हसलात ना, ते तिला म्हणावंच लागतं. क्वालिटीवाले कॉल ऐकतात. शेवटचं वाक्य राहिलं की मार्क कापतात, इन्सेन्टिव्ह जातो. समोरच्याने कुत्रं काढलं काय नि आईबहीण काढली काय, आपण आधी फोन ठेवायचा नाही. भाऊजी ठेवू शकत होते. ती नाही. ह्यात मर्दुमकी कसली?

वैताग येतो, मान्य. डिजिटल अरेस्टच्या बातम्यांनी लोक धास्तावलेत, तेही मान्य. मग "नको" म्हणा आणि ठेवा ना! आम्ही 'नॉट इंटरेस्टेड' टाकतो आणि पुढचा नंबर घेतो. उचललाच नाहीत तर 'आरएनआर'. आम्हाला काडीचं वाईट वाटत नाही. १९०९ वर डीएनडी करा, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद. तरी फोन आला तर सात दिवसांच्या आत तक्रार करा, खुशाल करा. मी भाऊजींना विचारलं, डीएनडी केलंय का? तर म्हणे, ते कोण करत बसणार! कुत्र्याचं कार्ड काढायला मात्र वेळ आहे.

खरा राग यायला हवा तो दुसरीकडे. ती मुलगी निदान १४० वरून, नियमात बसून फोन करत होती. मी आधी जिथे होते तिथे सांगायचे, स्वतःच्या सिमवरूनच करा, घरूनच तर करताय. मी नाही म्हटलं, धायरीची एक मैत्रीण हो म्हणाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, आदेश काढला की नोंदणी नसताना असे कॉल करणाऱ्याची कनेक्शनं बंद, दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत. आदेश चांगलाच आहे. पण तक्रारी झाल्या तेव्हा नंबर गेला तो तिचा. बँकेचा ओटीपी, गॅस, पोरांच्या शाळेचा ग्रुप, सगळं त्याच नंबरवर. त्या ऑफिसला काय, दुसरी मिळाली.

असो. चिडून लिहायला बसले होते, आता जरा निवळलेय. भाऊजी वाईट नाहीत. सासूबाई हॉस्पिटलमध्ये होत्या तेव्हा रात्रभर बाकावर बसून होते. पण त्या पोरीच्या जागी मी असते, आणि असतेच रोज, तर त्यांनी आवाज ओळखला असता का कोण जाणे.

उद्या अकराला लॉगिन आहे. डेटा कोथरूड-वारज्याचा आलाय, म्हणजे तुमच्यापैकी कुणीतरी लागणारच. ओळख दाखवू नका, कॉल रेकॉर्ड होतो.