‘मी कधी नोकरी केली गं?’

भाऊबीजेला लालबागला आईकडे गेले होते. जेवणं झाल्यावर आईने कपाटातून बाबांची निळी फाइल काढली. बाबा इन्कम टॅक्सचा रिटर्न भरून आले की पिरामल चेंबर्सचा, म्हणजे तिथल्या इन्कम टॅक्स ऑफिसचा, शिक्का बसलेली पोचपावती पंच करून त्या फाइलमध्ये लावायचे, वर्षानुवर्षं. ते गेल्यावर आईने तो नेम मोडला नाही, फक्त आता शिक्क्याच्या पावतीऐवजी मी आणलेली प्रिंट लागते. आईने चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"सॅलरी ४,९२,०००? अगं, मी कधी नोकरी केली?"

माझ्या पोटात गोळा आला. कारण आई बरोबर होती आणि तो रिटर्न मी भरला होता.

आईला बाबांच्या पश्चात महिन्याला ४१,००० रुपये फॅमिली पेन्शन मिळते. त्यावर टीडीएस, म्हणजे हातात येण्याआधीच कर, कापला जात नाही, त्यामुळे त्याचा दाखला असलेला फॉर्म १६ नाही. आमच्या बाबतीत पोर्टलने आधीच भरून ठेवलेल्या माहितीतही ती रक्कम आली नव्हती. मी पासबुकावरून बेरीज केली आणि पेन्शन म्हणजे पगारच, असं धरून ‘पेन्शनर’ निवडून ती सॅलरीत टाकली. गणपतीच्या आधीचा रविवार, घरात साफसफाई चाललेली, मुलुंडहून आईला फोन लावला, "आई, एक ओटीपी आलाय बघ, सांग पटकन." तिने सहा आकडे सांगितले. संपलं काम.

स्वतःच्या नोकरीची पेन्शन पगारात मोजतात. नवरा किंवा बायको गेल्यावर मिळणारी फॅमिली पेन्शन मात्र ‘इन्कम फ्रॉम अदर सोर्सेस’मध्ये जाते. कागदावर हा फरक रकान्याचा दिसतो, पण पैशांत केवढा पडतो बघा. नव्या करप्रणालीत पगारावर ७५,००० रुपयांचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट, मिळतं. फॅमिली पेन्शनवर एक तृतीयांश किंवा २५,००० यातलं जे कमी असेल तेवढंच. आईचं एफडीचं व्याज २,७०,०००. माझ्या चुकीच्या हिशेबाने करपात्र उत्पन्न झालं ६,८७,०००, म्हणजे सात लाखांच्या आत, म्हणून कमी उत्पन्नवाल्यांचा कर माफ करणारी कलम ८७अ ची सूट लागून कर शून्य आणि बँकेने कापलेले २७,००० पूर्ण परत. खरं उत्पन्न होतं ७,३७,०००. त्या वर्षी सात लाखांची रेघ एवढी ओलांडली की ती सूट जायची. सेस (करावरचा उपकर) धरून कर २४,६४८ रुपये. आईला खरोखर मिळायचा रिफंड होता २,३५० आणि मी तिच्या नावावर मागितले होते २७,०००.

ऑफिसात हे सांगितलं तर दोघा-तिघांचं म्हणणं एकच, "रिफंड येऊ दे, कोण बघतंय?" मला हे अजिबात पटत नाही, आणि ते केवळ पकडले जाण्याच्या भीतीने नाही. रिटर्नच्या शेवटी प्रतिज्ञा असते, की दिलेली माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे. ती प्रतिज्ञा माझ्या नावाने नव्हती, आईच्या नावाने होती. उद्या नोटीस आली असती तर तिच्या पॅनवर आली असती. बाबांच्या पैन् पैच्या हिशेबाची फाइल सांभाळणाऱ्या बाईच्या नावावर मी खोटा दावा करून बसले होते, तिला न विचारता.

आपल्यातले कितीतरी जण आईवडिलांचे रिटर्न असेच भरतात. प्रेमाने भरतात, वेळात वेळ काढून भरतात. पण त्यांच्याकडून घेतो काय, तर फक्त ओटीपी. अहो, तो आधार ओटीपी म्हणजे त्यांची सही आहे! आपण बँकेच्या कोऱ्या कागदावर आईची सही घेऊ का? मग इथे का घेतो? ती पीडीएफ इंग्रजीत असते हे खरं. म्हणून तर शेजारी बसून ओळ न् ओळ मराठीत समजावून सांगायची. माझी आई अकरावी मॅट्रिक. तिने जी चूक अर्ध्या मिनिटात पकडली, ती मला लॅपटॉपवर तासभर बसून दिसली नव्हती.

दुरुस्ती सोपी निघाली. त्याच संध्याकाळी आईच्या शेजारी बसूनच केली. रिटर्न भरायला जातो तिथेच जाऊन आकारणी वर्ष २०२५-२६ घेतलं, कलम १३९(५) म्हणजे रिवाइज्ड (सुधारित) रिटर्न निवडला आणि मूळ रिटर्नचा १५ आकडी पोचपावती क्रमांक व तारीख टाकली. सॅलरीची रक्कम काढून टाकली. अदर सोर्सेसच्या यादीत ‘फॅमिली पेन्शन’ असं वेगळं नाव आहेच, तिथे ती भरली. सुधारलेला रिटर्नही ३० दिवसांत ई-व्हेरिफाय, म्हणजे ओटीपी वगैरे देऊन पक्का, करावा लागतो, हे बरेच जण विसरतात. तो नाही केला तर सगळी मेहनत वाया. (मूळ रिटर्न अजून व्हेरिफायच केला नसेल तर तो ‘डिस्कार्ड’ करून नव्याने भरता येतो.)

हे सगळं लिहितेय कारण रिवाइज्डला मुदत असते. आकारणी वर्ष २०२५-२६ च्या रिटर्नसाठी ती ३१ डिसेंबर २०२५ होती. त्यानंतर उरतो अपडेटेड रिटर्न. तो आता चार वर्षांपर्यंत भरता येतो, पण कर आणि व्याजावर पहिल्या वर्षी २५ टक्के जादा भरावे लागतात आणि पुढे ते वाढत वाढत ७० टक्क्यांवर जातात. शिवाय तो रिफंड वाढवून मागण्यासाठी चालत नाही. म्हणजे चूक तुमच्याच नुकसानीची असेल, तर ती रिवाइज्डच्या मुदतीतच दुरुस्त करायला हवी.

या वेळी ओटीपी आला तेव्हा आईने मोबाइल हातातच ठेवला. आधी सगळी पानं वाचली, "व्याज बरोबर आहे ना?" म्हणून बँकेच्या सर्टिफिकेटशी ताडून पाहिलं आणि मग आकडे स्वतः टाकले. नवी प्रिंट फाइलला लावताना मी जुनी काढायला गेले, तर म्हणाली, "राहू दे. दोन्ही असू देत."