चौघांचा बँड आणि बारा महिने

आम्ही देवगडात रॉक बँड काढतोय हे आजीला सांगितलं, तेव्हा तिने एकच प्रश्न केला, "मगे टोपयो शिवूक घातलास काय रे?" आमच्याकडे बँड म्हणजे वरातीचा. लाल कोट, सोनेरी झालर आणि पुढे गॅसबत्ती. हा इंडी बँड आहे, इंडी म्हणजे स्वतंत्र, कुठल्या कंपनीचा पाठिंबा नसलेला, असं मी तिला समजावलं. "म्हंजे रिकामटेकडे," आजी म्हणाली.

सराव आंब्याच्या शेडमध्ये. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून शहरातली पोरं भिंतींना फोम लावतात. आमच्याकडे अढीचा पेंढा होता, तो लावला. आवाज अडला की नाही कोण जाणे, पण शेजाऱ्याची गाय मात्र प्रत्येक सरावाला हजर असे. एवढी निष्ठा पुढे कुठल्याच श्रोत्याने दाखवली नाही.

गिटारच्या तारा खाऱ्या हवेने महिन्याभरात तांबूस होत. त्यावर ज्याने त्याने खोबरेल तेल सुचवलं. मी एकदा लावलंही. सूर लागला नाही, बोटं मात्र मऊ झाली.

पण खरा वैरी हवा नव्हे, कॅलेंडर. ड्रमरच्या कलमांच्या बागा, त्यामुळे मार्च ते मे तो पेट्या भरण्यात. बेस गिटारवाला ट्रॉलरवर, तो मोकळा फक्त मासेमारी बंदीत, म्हणजे 1 जून ते 31 जुलै. त्या 2 महिन्यांत चौघे जमत असू, पण वर पत्रे आणि पत्र्यांवर मृगाचा पाऊस. अँपचा आवाज कितीही वाढवा, बेस नुसता बोटांवरून दिसायचा. त्यात लाईट जायची. ऑगस्टमध्ये बेसवाला दर्यावर आणि आमचा गायक गणपतीच्या भजनांसाठी पळवलेला. डबलबारीचे, म्हणजे भजनाच्या सामन्याचे, बुवा त्याला "आमचो झील", आमचा मुलगा, म्हणत. शिमग्यात तर मीही पालखीखाली. एवढं सांभाळून 3 वर्षांत 4 गाणी बसली, त्यातल्या एकाची नुसती सुरुवात.

पहिला आणि आजवरचा शेवटचा कार्यक्रम मे महिन्यात, वाडीतल्या सत्यनारायणाच्या महापूजेनिमित्त. ड्रमर पेट्या भावावर टाकून आला, बेसवाल्याने तांडेलाचे, म्हणजे बोटीच्या म्होरक्याचे, पाय धरले. पत्रिकेत हळदीकुंकू, सुश्राव्य भजन आणि त्याखाली 'इंग्लिश बँड' असं छापलं होतं. गाणी चारही मराठी. भजन रंगलं, हटेना. रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर बंद हा कायदा, आणि आम्ही स्टेजवर चढलो पावणेदहाला. त्यातली 10 मिनिटं गिटार लावण्यात गेली.

उरलेल्या 5 मिनिटांत मी डिस्टॉर्शनचं, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारं, पेडल दाबलं. हाच तो क्षण, यासाठी तर 3 वर्षं गंज खरवडला होता! पहिलाच कॉर्ड गरजला आणि दुसऱ्याला आवाज एकदम स्वच्छ, गुळगुळीत, जणू भावगीत. मागे वळून बघितलं तर मंडपवाला मशिनीवर बोट ठेवून समाधानाने हसत होता. "खरखर येय होती," तो ओरडला, "बंद केलंय!"

सत्काराचे नारळ हातात घेऊन खाली उतरलो, तर एक गृहस्थ ड्रमरची पाठ थोपटत होते. पोरगो बरो वाजवता म्हणाले. पुतण्याची वरात होती 2 जूनला. "येतलात मां?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आंबे आवरलेले, दर्या बंद, गणपती लांब. चौघेही मोकळे होते.

टोप्या आजीनेच शिवल्या.