‘फिट’चा शिक्का आणि आपली शुगर

दादा, आधी तुमची प्रतिक्रिया थोडक्यात इथे परत टाकतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल काय चाललंय ते. मी लिहिलं होतं की आखातात राहणाऱ्याने वर्षातून एकदा तिथेच तपासणी करून घ्यावी, गावी येईपर्यंत थांबू नये. त्यावर तुम्ही म्हणता, "शेठ, तुम्ही एसीत बसणारे. माझा भाऊ शारजाला कॅम्पवर (कामगारांच्या वस्तीत) आहे, दर दोन वर्षांनी व्हिसाचं मेडिकल होतं त्यात फिट आहे, बाकी काय ते गावी आल्यावर चिपळूणला स्वस्तात करतो. लोकांना घाबरवून तिथल्या क्लिनिकवाल्यांचा धंदा कशाला वाढवता?"

शेठ वाचून बायको अर्धा तास हसत होती. अहो दुबईच्या जबल अलीत गोडाऊनला स्टोअरकीपर आहे मी, एसी आहे पण तो मालासाठी.

आता ते फिटचं. व्हिसाच्या मेडिकलला काय करतात ते भावाला विचारा. एचआयव्हीसाठी रक्त घेतात, टीबीसाठी छातीचा एक्सरे काढतात, काही कामांना कावीळ बी वगैरे बघतात, झालं. म्हणजे हा माणूस दुसऱ्याला काही लावणार नाही ना एवढंच सरकार बघतं, त्याचं स्वतःचं काय होणार हा प्रश्न त्या कागदावर नाहीच. माझंच सांगतो, २०१९ च्या फेब्रुवारीत मेडिकल झालं, फिट. एप्रिलमध्ये चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो तर त्याने पहिलं विचारलं शुगर कधी तपासली. कधीच नाही. एचबीएवनसी निघालं ९.२, म्हणजे शुगर चांगलीच वाढलेली. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देतो, म्हणजे मेडिकलच्या रांगेत उभा होतो तेव्हाही ती अंगात होतीच की. आणि वर लाज म्हणजे दुबईच्या बेसिक इन्शुरन्समध्ये तिशीनंतर दर ३ वर्षांनी शुगरची तपासणी धरलेली आहे, ते कार्ड माझ्या पाकिटात होतं आणि मी ४१ वर्षांचा.

शुगर निघाली तर परत पाठवतील ही भीती भावाच्या मनात असेल (तुम्ही लिहिलं नाही पण कॅम्पवर सगळ्यांच्या मनात असते), तर माझा व्हिसा त्यानंतर तीनदा रिन्यू झालाय, शुगरसकट.

चिपळूणला स्वस्त पडतं हे शंभर टक्के खरं, त्यावर वाद नाही. माझा वाद वेळेशी आहे. आपण येतो शिमग्याला नाहीतर गणपतीला नाहीतर मेमध्ये, महिनाभर. पहिला आठवडा पाहुण्यांचा, मग पालखी किंवा कोणाचं तरी लग्न, मग घराची कौलं, आणि रक्त द्यायला आठवण होते ती बॅगेत आमसुलं आणि फणसपोळी भरताना. रिपोर्ट येतो, डॉक्टर महिन्याच्या गोळ्या देतो आणि म्हणतो तीन महिन्यांनी दाखवायला या. तीन महिन्यांनी कुठे असतो आपण? मग येणाऱ्याच्या हातून गोळ्या मागवायच्या, कोणी येणारं नसलं की खाडा. आमच्या वाडीतले दोघंतिघं असेच चाललेत वर्षानुवर्षं, डोस तोच, बीपी कुणी मोजलेलं नाही. आणि दुखण्याच्या काही गोळ्यांना, ट्रामाडॉल कोडीनवाल्या, तिकडे आधी परवानगी लागते, कुणाच्या पिशवीत घालून पाठवाल तर तो बिचारा एअरपोर्टवर अडकायचा.

एक गोष्ट मात्र तुमची पटली. मी दुबईच्या हिशोबाने लिहून मोकळा झालो. शारजा, अजमान, रास अल खैमा वगैरेला कंपनीने इन्शुरन्स दिलाच पाहिजे अशी सक्ती १ जानेवारी २०२५ पासून आली, त्याआधी कॅम्पवरच्या माणसाला तिथे तपासा म्हणणं म्हणजे खिशातले दिरहम काढा म्हणणंच होतं. ते माझ्या लेखात यायला हवं होतं, चुकलं. पण आता भावाचा व्हिसा त्यानंतर रिन्यू झाला असेल तर कार्ड असायलाच हवं, बेसिक पॅकेज वर्षाला ३२० दिरहमपासून आहे आणि ते कंपनीने भरायचं असतं, पगारातून कापायचं नाही. कापलं असेल तर विचारा. क्लिनिकमध्ये थोडे पैसे आपल्याला द्यावे लागतात, पण क्लिनिकं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, ड्युटी सुटल्यावर जाता येतं, आणि निम्म्या ठिकाणी मल्याळी नर्स भेटते, तिला आपलं हिंदी आपल्यापेक्षा बरं समजतं.

आणि धंदा वाढवायचा नाही म्हणूनच सांगतो, ते चाळीस-पन्नास टेस्टचं फुल बॉडी पॅकेज घेऊ नका, तिथेही नको आणि चिपळूणलाही नको. बीपी, एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ताची टेस्ट) आणि लघवी, आमच्यासारख्याला सुरुवातीला एवढं पुरतं असं मला माझ्या डॉक्टरने सांगितलं. भाऊ उन्हात काम करतो ना, मग लघवी आणि क्रिएटिनिन विसरू नका. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद असतं, पण पाणी कमी पिऊन मुतखडा व्हायला बाकीचे तासही पुरतात.

भावाचं वय तुम्ही ४४ लिहिलंय. त्याला कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून तुम्हाला पाठवायला सांगा, कुठली क्लिनिकं चालतात ते त्यावरच्या नेटवर्कच्या नावावरून कळतं. फोटो इथे टाकू नका, नुसतं नेटवर्कचं नाव लिहा, मी बघून सांगतो. १० जूनपर्यंत गावीच आहे, फक्त पाऊस लागला की आमच्याकडे रेंज जाते, उत्तर उशिरा आलं तर शेठ भाव खातोय असं समजू नका.